वॉक म्हणजे भीक नव्हे, भावोजी

न्यू जर्सीतल्या भाच्याने परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मामा, वॉक घेणं म्हणजे भीक घेणं का रे?" वय वर्षं दहा. आधीच्या बेसबॉल मॅचमध्ये पठ्ठ्या दोनदा वॉक घेऊन, म्हणजे चेंडू न मारताच, पहिल्या बेसवर गेला होता. मग त्याच्या बाबांच्या फोनवर वॉकची टिंगल करणारं एक फॉरवर्ड आलं, आणि पुढच्या मॅचमध्ये डोळ्यांसमोरून जाणाऱ्या चेंडूंवर बॅट फिरवत हा तीनदा आउट.

तेच फॉरवर्ड आता आमच्या फॅमिली ग्रुपवर आलंय. म्हणे वॉक ही पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची चूक, बॅटरचं कर्तृत्व शून्य. म्हणे जुन्या काळी वॉक घेणाऱ्यांना मारताच येत नसे. आणि म्हणे २००२ साली ओकलंड संघाच्या कॉम्प्युटरवाल्यांनी सांगेपर्यंत बेसवर पोचण्याची किंमत कुणाला ठाऊकच नव्हती.

पोराचं नुकसान पहिल्या वाक्याने केलंय, म्हणून ते आधी. चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे मारण्याजोग्या ठरलेल्या चौकटीबाहेर पडले आणि बॅटरने ते सोडले, की तो चालत पहिल्या बेसवर, हे खरं. पण चूक नुसती पिचरची असती तर त्याच पिचरांसमोर सगळ्यांनाच सारखे वॉक मिळाले असते ना? वॉशिंग्टनचा एडी योस्ट घ्या. १९५६ मध्ये अ‍ॅव्हरेज (हिटचं, म्हणजे मारून बेस गाठण्याचं प्रमाण; यात वॉक धरत नाहीत) .२३१, म्हणजे बेताचंच. पण वॉक १५१, आणि बेसवर पोचण्याचं प्रमाण .४१२! पिचर घाबरून बाहेर टाकत होते म्हणावं, तर अख्ख्या सीझनमध्ये होमरन ११. अमेरिकन लीगमध्ये सहा सीझन सर्वात जास्त वॉक याचेच. 'वॉकिंग मॅन' हे नाव उगाच पडलं नाही. अर्ध्या सेकंदाच्या आत ठरवायचं असतं, मारायचा की सोडायचा. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडणाऱ्या गावसकरला आपण भिकारी म्हणालो होतो का?

मारता येत नसे? टेड विल्यम्स, बॉस्टन, १९४१. ६०६ वेळा बॅटिंगला आला. १८५ हिट, १४७ वॉक, तीनदा अंगावर चेंडू. बेरीज करून ६०६ ने भागा, बेसवर पोचण्याचं प्रमाण .५५३. अ‍ॅव्हरेज .४०६, स्ट्राइकआउट फक्त २७. पुढे बोलायची गरज आहे?

आता ती २००२ ची गोष्ट. १८८७ मध्ये एक सीझन वॉक चक्क हिट म्हणून मोजले होते. तो प्रकार टिकला नाही, सोडा. पण १९५४ च्या ऑगस्टमध्ये संघ चालवणाऱ्या ब्रँच रिकीने 'लाइफ' मासिकात एक सूत्र छापलं, त्यातलं पहिलंच पद बेसवर पोचण्याचं प्रमाण. आकडेमोड अ‍ॅलन रॉथ या आकडेतज्ज्ञाची. रिकीने ब्रुकलिन डॉजर्स संघात असताना त्याला याच कामासाठी आणला होता. संगणक नव्हता, कागद-पेन्सिल होती.

बरं, एवढं मान्य. बेसवर पोचण्याचं प्रमाण हा आकडा अधिकृत झाला तो थेट १९८४ मध्ये. आणि बाकीचे संघ अ‍ॅव्हरेजकडेच बघत राहिले म्हणून ओकलंडला असे खेळाडू स्वस्तात मिळाले, हेही खरं. पण स्वस्तात उचलणं वेगळं, शोध लावणं वेगळं. गंमत म्हणजे विल्यम्सचा तो .५५३ चा विक्रम बॅरी बाँड्सने मोडला तोही २००२ मध्येच. फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ता नाही.

भावोजींना योस्टचे आकडे पाठवलेत. निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही. भाच्याची मॅच शनिवारी आहे.