गटाची भाजी म्हणजे विष? मावशीच्या मेथीला फेस आला म्हणून हे लिहावं लागतंय

मंगळवारी जळगावच्या पिंप्राळ्यात मावशीकडे जेवायला गेले तर मेथीच्या भाजीला धुतलेल्या चादरीचा वास. आधी वाटलं माझंच नाक बिघडलंय, मग ओट्यावर बघितलं तर उरलेली मेथी टबात भिजत घातलेली आणि वर पांढराशुभ्र फेस. मी म्हटलं, "मावशी, हाई काय शे?" तर शांतपणे म्हणते, "कपड्यानी पावडर शे. गटाची भाजी अशीच धुवानी, मोबाईलवर डॉक्टरनी लिखेल शे." (गट म्हणजे आम्ही काही घरं मिळून थेट शेतकऱ्यांकडून भाजी घेतो तो.) आणि काका सोमवारपासून ओआरएस पीत बसलेले. पावडरीमुळेच पोट बिघडलं का ते डॉक्टर काही बोलले नाहीत, कारण त्यांना कुणी पावडरीचं सांगितलंच नव्हतं.

मग तो मेसेज बघितला. तुम्हालाही आला असेल, आमच्याकडे तीन ग्रुपवर फिरतोय. "गटाची, सोसायटीची ताजी गावरान भाजी घेणाऱ्यांनो सावधान" असं मथळ्यात, खाली लाल ठिपके आणि सात मुद्दे: ही भाजी कुणी तपासत नाही, मॉलची तपासलेली असते; भोक पडलेलं वांगं विषारी; केळी पाण्यात तरंगली तर कार्बाइडची; गटाची भाजी डिटर्जंटमध्ये अर्धा तास भिजवूनच खा; बाजार समितीबाहेर भाजी विकणं बेकायदा; सहकार म्हणजे शेवटी बुडीत; आणि वर महाग. खाली "एक डॉक्टर". नाव नाही, गाव नाही.

आमचा गट म्हणजे काही मोठी भानगड नाही. अडतीस घरं, आसोदा, भादली, ममुराबाद बाजूचे चार शेतकरी. गुरुवारी यादी पडते, शुक्रवारी रात्री ऑर्डर बंद, रविवारी पहाटे तोडणी, आठ वाजता छोटा हत्ती टेम्पो एका पार्किंगमध्ये उभा राहतो आणि ज्यांची पाळी असेल ती तीन घरं वजन करून पिशव्या भरतात. माझी पाळी असली की वांगी मीच मोजते, त्यामुळे हा मेसेज मला जरा जास्तच झोंबला, ते मान्य.

डिटर्जंटपासूनच सुरू करते कारण बाकीचे बरेच मुद्दे नुसते मूर्खपणाचे आहेत, हा त्रास देणारा आहे. कपड्याची पावडर कपड्यासाठी असते, ती पोटात जायची वस्तूच नाही. मेथी, पालक, कोथिंबीर यांना घड्या असतात, देठ असतात, तिथे फेस जाऊन बसतो आणि चार पाण्यांनी पण पूर्ण निघत नाही, करून बघा, नाहीतर नको, करू पण नका. एफएसएसएआय, म्हणजे देशातलं अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण, त्यांनी २०२० मध्ये कोरोनात नेमकं हेच सांगितलं होतं, कारण तेव्हा लोक टोमॅटोला साबण लावत होते आणि सॅनिटायझर मारत होते. त्यांनी स्पष्ट म्हटलं की फळं-भाज्यांवर जंतुनाशक, साबण वापरू नका, पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवा, आणि फार तर कोमट पाण्यात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरिनच्या द्रावणाचा थेंब टाकून त्यात बुडवा. विषय संपला. इतक्या मोठ्या साथीत ज्यांनी साबण नको म्हटलं ते आता ममुराबादच्या मेथीला पावडर लावा म्हणतील का?

मीठ, हळद, व्हिनेगर, बेकिंग सोडा यांचे पण वेगवेगळे मेसेज आहेतच. पाण्याने चोळून धुतलं की माती आणि वरवर बसलेलं बरंचसं निघतं, कोबीची बाहेरची पानं काढून टाकली की अजून थोडं कमी होतं, आणि भाजी आधी धुवायची मग चिरायची, उलटं नाही. पण जे औषध आंतरप्रवाही असतं, म्हणजे झाडाच्या आत रसात जातं, ते कशानेच धुवून निघत नाही, हळदीनेही नाही आणि मावशीच्या पावडरीने तर नाहीच नाही. तिथे एकच गोष्ट कामाची आहे, फवारणी आणि तोडणी यात किती दिवस गेले. प्रत्येक औषधाच्या लेबलवर तो थांबायचा काळ दिलेला असतो. ते शेतात पाळायचं असतं, किचनमध्ये नाही.

आणि इथेच मला त्या "डॉक्टर"चं अर्धं म्हणणं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. गटाची भाजी म्हणजे बिनऔषधाची, असं आमच्यातलेच काही लोक स्टेटसला टाकतात, ते साफ खोटं आहे. जवळच्या गावातून आलं म्हणजे फवारलं नाही असं कुठे असतं? आपल्या खान्देशात पंप पाठीला लावल्याशिवाय वांगं येत नाही, कपाशीचं तर बोलायलाच नको. मी स्वतः शेतकऱ्याच्या मागे उभी राहून बघितलंय. तेव्हा "गावरान", "नैसर्गिक", "आईच्या हातचं" असं लिहिणं आधी आपणच बंद करू. ताजी आहे, कुणाच्या शेतातली ते माहीत आहे, एवढंच म्हणा, ते खरं आहे.

पण मग मॉलची तपासलेली असते, हे कुठून आलं? स्टिकर आणि पारदर्शक डबा म्हणजे तपासणी नाही, त्यावर वजन, भाव, तारीख असते. तो माल पण कुठल्यातरी शेतातूनच येतो, धुतला, निवडला, एसीत ठेवला एवढाच फरक. दरवेळी प्रत्येक क्रेटची कीटकनाशक अवशेषांची लॅब टेस्ट कुणी करत नाही, परवडणारच नाही. खरी लॉटनिहाय तपासणी बघायची तर नाशिककडची निर्यातीची द्राक्षं बघा, युरोपला जायची असतात म्हणून त्यांचे नमुने लॅबला जातात. आपल्या दोडक्याचं इतकं नशीब अजून उघडलेलं नाही. फरक एवढाच की मॉलमध्ये मी कुणाला विचारू, "शेवटचा फवारा कधी मारला?" काउंटरवरच्या पोराला? आमच्याकडे ते रविवारी तोंडावर विचारता येतं आणि गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याने स्वतःच सांगितलं की या आठवड्यात माझी गवार घेऊ नका, परवाच मारलंय. आम्ही नाही घेतली. दोन बायका चिडल्या, चिडू दे.

भोकाचं वांगं. ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी असते, फुलातून-फळातून आत शिरते, आत घाण करते, तेवढा भाग कापून टाकायचा. विष वगैरे काही नाही. मात्र उलट बाजूचे लोक "भोक आहे म्हणजे ऑर्गॅनिक" म्हणून खूश होतात, ते पण चुकीचं. अळी एकदा आत गेली की वरून मारलेलं औषध तिला लागतच नाही, म्हणून तर शेतकरी पुन्हा पुन्हा मारतो. म्हणजे भोकाच्या वांग्यावर चार फवारे झालेले असू शकतात. भोकावरून काहीच कळत नाही, ना इकडचं ना तिकडचं. त्याच मुद्द्यात कंसात "सगळी भरताची वांगी बीटी असतात" असं पण ठोकून दिलंय. (बीटी म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेलं वाण.) बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीला आपल्या देशात २०१० मध्ये स्थगिती दिली, ती उठलेली नाही. आपलं भरताचं हिरवं, कमी बियांचं वांगं जुनं आहे, २०१६ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. (जीआय म्हणजे औषधमुक्त असा पण अर्थ नाही हां, ते नाव आणि जागेचं असतं.)

केळीवर तर हसावं का रडावं. जळगाव जिल्ह्यात बसून केळीबद्दल असला मेसेज पुढे पाठवायचा म्हणजे कमालच. मी घरी बादली भरली. रावेरकडच्या नातेवाइकांनी दिलेली, घरात गवतात पिकवलेली सात केळी आणि चौकातल्या गाडीवरची पाच. बाराच्या बारा तरंगली. केळं पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून तरंगतं, त्याला कुणी पिकवलं याचं काही घेणंदेणं नाही. मग त्याचं शिकरण करून खाल्लं.

कार्बाइड खोटं आहे असं मी म्हणत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, २०११ च्या नियमात तसं स्पष्ट आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि तरी कुणी चोरून वापरतं, हे पण खरं. पण सगळी पिकवलेली केळी कार्बाइडची नसतात. आपल्याकडून घड कच्चाच कापला जातो, सावदा-रावेरहून दिल्लीपर्यंत कच्चाच जातो आणि तिकडे रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, इथिलिन गॅसवर पिकतो. इथिलिन फळ स्वतः पण तयार करतं, आणि १०० पीपीएमपर्यंत वापरायला परवानगी आहे. बादलीत बुडवून यातलं काय कळणार?

बेकायदा म्हणे. फळं आणि भाजीपाला २०१६ मध्येच महाराष्ट्रात बाजार समितीच्या नियमनातून काढला, शेतकरी थेट कुणालाही विकू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने तेव्हापासून पेपर उघडला नसावा.

सहकार बुडतो, या मुद्द्यावर मात्र मावशीला मी फार बोलू शकले नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, तिची स्वतःची शेजारीण पासबुक घेऊन कित्येक वर्षं फिरली. त्या भीतीला मी मूर्खपणा म्हणणार नाही. पण ठेव ठेवणं वेगळं आणि भाजीचे आठवड्याचे पैसे देणं वेगळं. आमच्याकडे कुणाचे पाच-सहाशे रुपयांच्या वर एका वेळी अडकतच नाहीत, वही पार्किंगमध्येच उघडी पडलेली असते, कुणीही बघा. आणि एकत्र खरेदी चालत नाही हे कुणी सांगितलं? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे, तिथे शेजारपाजारची घरं मिळून महिन्याची यादी देतात, माल घाऊकात येतो आणि सभासदच वाटून घेतात. पन्नास वर्षं झाली. त्यांची शिस्त आमच्यात नाही, ते सोडा, आमच्यात एकीने तीन वेळा पाळी चुकवलीय.

महाग? काही महाग, काही स्वस्त. हिवाळ्यात मेथी, वांगी, लसणाची पात बाजारापेक्षा बरी पडते, बटाटा बाहेरूनच येतो म्हणून तो आम्ही ठेवतच नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पालेभाजी नावालाही नसते, तेव्हा गुपचूप बाजारातच जावं लागतं. मी पण जाते.

मावशीच्या टबातली मेथी फेकून दिली, तिला वाईट वाटलं. "अर्धी जुडी गयी," म्हणाली. मग पावडरीचा डबा मीच तिच्या हातात देऊन मोरीत नेऊन ठेवायला लावला. काल रात्री तिची ऑर्डर आली: भरताची वांगी दोन किलो, लसणाची पात एक जुडी, मेथी एक. खाली अजून एक ओळ, "वांगावालाले इचारजो, फवारा कवय मारा."