प्राध्यापकाला गप्प करणारा तो विद्यार्थी आइन्स्टाइन नव्हे

‘थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, तसंच दुष्टपणा म्हणजे देवाचा अभाव’ असं म्हणून विद्यार्थिदशेतल्या आइन्स्टाइनने, दुष्टपणाही देवानेच निर्माण केला म्हणणाऱ्या नास्तिक प्राध्यापकाला निरुत्तर केलं, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा किस्सा बनावट आहे. त्याच्या विश्वसनीय चरित्रांत असा प्रसंग नाही. उलट, माणसांच्या कर्मांत लक्ष घालणारा देव आपण मानत नाही, असं त्याने १९२९ साली तारेने कळवलं होतं. १९३२ मध्ये तर इच्छास्वातंत्र्यही, म्हणजे माणूस स्वतःच्या मर्जीने निवड करतो हेही, नाकारलं! युक्तिवाद मात्र खरोखर जुना आहे. उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनने (३५४–४३०) तो मांडला. ऑगस्टीनही तेवढ्यावर थांबला नाही, दुष्टपणाचं मूळ त्याने माणसाच्या इच्छेत शोधलं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमका हाच अवघड भाग गाळलाय. आणि जिथे माणसाच्या इच्छेचा संबंधच नाही, त्या भूकंपात दगावलेल्या तान्ह्या बाळाचं काय, हा प्रश्न तर किस्स्यातला प्राध्यापकही विचारत नाही.