चाळिशी आली म्हणून विचार उजवे होत नाहीत

तोंडात सिगार धरलेल्या चर्चिलचा, म्हणजे ब्रिटनच्या माजी पंतप्रधानाचा फोटो आणि खाली वाक्य: ‘विशीत डावा नसशील तर तुला काळीज नाही, चाळिशीतही डावाच राहिलास तर तुला डोकं नाही.’ सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर हे सारखं फिरतंय. खाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. मला हे वाक्य चूक तर वाटतंच, पण घरातल्या पोराचं तोंड बंद करायला ते वापरलं जातं याचं जास्त वाईट वाटतं. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून बघू.

‘चर्चिल म्हणाला.’ तो असं म्हणाल्याची नोंद कुठेच नाही. असं वाक्य फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच फिरत होतं, फक्त तिथे ‘डावा’च्या जागी ‘प्रजासत्ताकवादी’ होता. चर्चिलचं स्वतःचं आयुष्य तर याच्या उलट गेलं. १९०० साली, पंचविसाव्या वर्षी, तो उजव्या विचारांच्या हुजूर पक्षाचा खासदार झाला, १९०४ मध्ये लिबरल पक्षात गेला आणि पन्नाशीच्या सुमारास हुजूर पक्षात परत आला.

‘वय वाढलं की माणूस डावीकडून उजवीकडे सरकतो.’ खरा मुद्दा हा आहे, आणि आपल्या भागातल्या माणसाने तरी तो डोळे मिटून पुढे पाठवू नये. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जन्म १९०० चा. विशीत ते सरकारी तलाठी होते. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, पुढे भूमिगत राहून ब्रिटिश सत्तेला समांतर असं प्रतिसरकार चालवलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्यांनी चाळिशी कधीच ओलांडली होती. तिथून ते काँग्रेसबाहेर पडून शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ ला साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले तेव्हा वय छप्पन. १९६७ ला बीडमधून पुन्हा निवडून आले, तेही त्याच पक्षाकडून. या माणसाला डोकं नव्हतं म्हणायची कुणाची छाती आहे?

देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण तरुणपणी डावे विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले होते. त्यांनी रॉय यांची वाट सोडली ती चाळिशीत नव्हे, पंचविशीच्या आसपास. दुसरं महायुद्ध सुरू झालं, रॉय यांनी ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला आणि तो यशवंतरावांना पटला नाही. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने शास्त्रं शिकले. त्याच शास्त्राच्या आधारावर त्यांनी अस्पृश्यता निवारणात गांधीजींची बाजू उचलून धरली आणि पुढे तेही रॉय यांच्याकडे गेले. युद्धाच्या त्याच प्रश्नावर एक जण रॉय यांना सोडून गेला आणि दुसरा त्यांच्यासोबत राहिला. वयाने दोघांत फक्त बारा वर्षांचं अंतर. डावं-उजवं अशी एक रेघ ओढून त्यावर या दोघांना बसवून दाखवा.

अभ्यास काय सांगतात तेही बघू. अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजात १९३० च्या दशकात सधन, जुन्या वळणाच्या घरांतल्या मुली शिकायला आल्या आणि तिथे त्यांचे विचार पुरोगामी झाले. संशोधकांनी त्यांना १९६० च्या दशकात आणि मग १९८४ मध्ये पुन्हा गाठलं. बहुतेक जणी म्हातारपणीही त्याच विचारांच्या होत्या. दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासात असं दिसलं की बहुतेकांची मतं फारशी हलत नाहीत, मात्र जी थोडी माणसं हलतात त्यांच्यात उजवीकडे जाणारी जास्त असतात. म्हणजे वाक्यात कणभर तथ्य आहे. पण त्या कणाचा नियम होत नाही, आणि त्यावरून कुणाची अक्कल तर अजिबात ठरत नाही.

आता आमच्या घरातलं सांगतो. माझे मामा आटपाडी तालुक्यातले. तिकडच्या पुष्कळ पोरांसारखे तेही मिसरूड फुटायच्या आधीच गलाईच्या धंद्यात कोइमतूरला गेले. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं, दिवसभर भट्टी आणि ॲसिडच्या वाफेत बसायचं. तेव्हा त्यांचं ठाम मत होतं की सरकारकडे मागणं हा कमीपणा, ज्याने त्याने आपल्या मनगटावर जगावं. उतारवयात गावी परतले. विहीर कोरडी, टँकर आला की घागरींची रांग. तिथून आटपाडीच्या पाणी परिषदेला जायला लागले. टेंभू उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी वर चढावं आणि ते भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबाला सारखं मिळावं, ही तिथली मागणी. आज मामा साठी ओलांडून गेलेत. पाणीपट्टीची पावती खिशात ठेवून बांधावर वाद घालतात: ‘सोनं ज्याचं त्याचं आसतंय. नदी कुणी कमावल्याली न्हाई, मग रानवाल्यालाच का म्हनून?’

उलटंही घडतं. माझा एक मित्र सांगलीत कॉलेजला असताना विद्यार्थी संघटनेत होता, मोर्चात पुढे असायचा. पुढे एका सहकारी बँकेत त्याच्या वडिलांची ठेव अडकली, आजारपणात ते पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून ‘सहकार’ म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो, आणि तो आता खाजगीकरणाची बाजू घेतो. त्याचं मत मला पटत नाही, पण ते मला समजतं. तो चाळिशीचा नसता, तिशीचा असता, तरी हेच झालं असतं.

‘जो बदलत नाही त्याला डोकं नाही.’ वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी १९४२ च्या लढ्यात होते. १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी परिषदा भरवू लागले तेव्हा सत्तरी उलटली होती. समतेचं मत तेच, पण आधी परक्या सत्तेविरुद्ध आणि मग पाण्याच्या हिशेबात. मत तेच ठेवून नवा प्रश्न हाताळायला डोकं जास्तच लागतं.

आणि मतदान बदललं म्हणजे विचार बदलले, हेही खरं नाही. साताऱ्यात मे २०१९ मध्ये जिंकलेले उदयनराजे पक्ष बदलून ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत हरले आणि २०२४ मध्ये नव्या पक्षाकडून पुन्हा निवडून आले. मे ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत मतदारांचं वय तेवढंच वाढलं होतं.

हे सगळं लिहायला बसलो ते माझ्या भाच्यामुळे. बी.ए.ला आहे. परवा घरच्या ग्रुपवर त्याने विचारलं की आपल्या रानात ऊस तोडायला येणाऱ्यांची पोरं सहा-सहा महिने कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत असतात, त्यांच्या शाळेचं कारखाना आणि आपण शेतकरी मिळून काही करणार का? उत्तरादाखल त्याला चर्चिलचा तो फोटो मिळाला, सोबत ‘मोठा झालास की कळेल.’ उत्तर देणाऱ्यांपैकी तिघांचा ऊस या हंगामात जाणार आहे. फडावर टोळी आली की तिच्यात शाळेच्या वयाची पोरं किती, त्यांची नावं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घातली का आणि त्यांना तिथवर न्यायची सोय कोण करतंय, एवढं तरी त्यांनी त्याला सांगावं.