चार गुण पडले म्हणून व्यसन ठरलेलं नसतं

बालपणीच्या आघातांची दहा प्रश्नांची चाचणी सध्या रील्समधून फिरते आहे, प्रत्येक ‘हो’ला एक गुण. दावा असा : चार किंवा जास्त गुण पडले, की मूल कॉलेजात जाऊन दारू, ड्रग्ज, बेफाम गाडी याकडे वळणारच. मी कॉलेजात समुपदेशन करते. एका मुलीने सहा गुणांचा स्क्रीनशॉट पुढे धरून विचारलं, "मॅडम, माझं ठरलेलंच आहे का?" अजिबात नाही.

‘हे विज्ञानाने सिद्ध झालंय.’ काय सिद्ध झालंय ते बघू. या चाचणीचं मूळ अमेरिकेत सॅन दिएगोत फेलिट्टी आणि आंडा या डॉक्टरांनी केलेल्या १९९८ सालच्या अभ्यासात आहे. त्यात बालपणी एकही आघात न झालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी आपल्याला दारूचं व्यसन असल्याचं सांगितलं. चार किंवा जास्त आघात झालेल्यांत हेच प्रमाण १६ टक्के. फरक मोठा आहे आणि तो कुणी झटकून टाकू नये. पण शंभरातल्या उरलेल्या ८४ जणांबद्दल रील एक अक्षर बोलत नाही.

‘अभ्यास कॉलेजच्या मुलांचा आहे.’ नाही. त्यातले बहुतेक अमेरिकन पन्नाशीच्या आसपासचे किंवा पुढचे होते, बालपण आठवून सांगत होते. शिवाय जातीवरून झालेला अपमान, शाळेतली दादागिरी यांबद्दल त्या दहा प्रश्नांत काहीच नाही. आईवडिलांच्या घटस्फोटाला एक गुण आणि वर्षानुवर्षं चाललेल्या लैंगिक अत्याचारालाही एकच! एकेकट्या माणसाचं भाकीत करायला हे गुण वापरू नका, असं खुद्द आंडा यांनी २०२० मध्ये लिहिलं.

‘प्रवेशाच्या वेळीच चाचणी घ्या, अशी मुलं वेगळी काढा.’ याचा मला सर्वांत जास्त राग येतो. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसला होता. किती जणांना वेगळं काढणार? रात्री बापाच्या ओरडण्याने दचकून जागं होण्याची सवय लागलेला मुलगा होस्टेलवर झोप यावी म्हणून पितो. रेक्टर बाटली जप्त करतात, घरी फोन लावतात, तोही त्याच बापाला. झोप का लागत नाही, हे आधी त्याला विचारा. कॉलेजात समुपदेशक नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.