एकोणचाळीस शिलिंगांचा खोटेपणा

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक कायदा होता. एखाद्याच्या राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा ऐवज चोरीला गेला, तर चोराला फाशी. १७१३ साली झालेल्या या कायद्यात चोरलेल्या मालाची किंमत ठरवण्याचे काम ज्युरीकडे होते, आणि ज्युरीत बसणारी माणसे म्हणजे त्याच परिसरातले दुकानदार, कारागीर, शेतकरी. आरोपीच्या पिंजऱ्यात एखादी तरुण मोलकरीण उभी आहे, तिने मालकिणीचे चांदीचे चमचे उचलले हे सिद्ध झाले आहे आणि त्या चमच्यांना बाजारात काय भाव येतो हे बाराही जणांना पक्के ठाऊक आहे, असा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहा. खरे सांगितले तर मुलगी फासावर जाणार. मग ज्युरी शपथेवर निर्णय देई : आरोपी दोषी आहे, मालाची किंमत ३९ शिलिंग. कधी कधी चोरीला गेलेली वस्तू म्हणजे रोख रक्कमच असे. तिची किंमत ठरवण्याचा प्रश्नच नव्हता, पण मोठ्या रकमाही अशाच ३९ शिलिंगांच्या होऊन जात. विल्यम ब्लॅकस्टोन या नामवंत न्यायपंडिताने या प्रकाराला ‘एक प्रकारची पुण्यशील खोटी साक्ष’ म्हटले. त्याच्याच मोजणीप्रमाणे तेव्हा इंग्लंडमध्ये १६० गुन्ह्यांना देहदंड होता.

पुढे १८२७ साली ही मर्यादा पाच पौंडांवर, म्हणजे १०० शिलिंगांवर नेली गेली. त्याबरोबर ज्युरींचे निर्णयही वर सरकले आणि ४ पौंड १९ शिलिंगांवर येऊन थांबले! मला या गोष्टीचा दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. बनावट नोटा आणि खोटे दस्तऐवज यांनाही तेव्हा फाशी होती, आणि ज्यांच्या पैशाच्या रक्षणासाठी ती ठेवलेली होती त्या बँकवाल्यांनीच १८३० मध्ये पार्लमेंटकडे अर्ज केला की, ही शिक्षा कमी करा. त्यांचे अंतःकरण द्रवले होते असे नव्हे. शिक्षा इतकी भयंकर की फिर्यादी पुढे येईना, साक्षीदार बोलेना, ज्युरी दोषी ठरवीना, आणि लबाड मात्र मोकळे सुटत होते. कायदा जितका कडक तितका तो उपयोगाचा, हा समज आजही घट्ट आहे. एखादी भीषण घटना घडली की पहिली मागणी येते ती शिक्षा वाढवण्याची. ती मागणी करणाऱ्यांचा संताप मला समजतो, पण १८३० च्या त्या सावकारांनी जो हिशेब मांडला तो अजून कोणी खोडून काढलेला नाही.

कायदा चांगला की वाईट हे ठरवताना आपण बहुधा त्याचा हेतू पाहतो. हेतू चांगला असेल तर कायदा चांगला, अंमलबजावणी तेवढी ढिली, असे म्हणून मोकळे होतो. मला ही वाटणी मान्य नाही. हेतू वाईट असल्याचे कोणताच कायदा आपल्या प्रस्तावनेत लिहीत नाही, त्यामुळे हेतूच्या कसोटीवर जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात. माझी कसोटी वेगळी आणि थोडी घरगुती आहे. एक साधा, भला, फारसा शूर नसलेला माणूस त्या कायद्यासमोर उभा करावा आणि विचारावे की, हा कायदा पाळताना, किंवा त्याच्या कचाट्यातून दुसऱ्या कोणाला वाचवताना, याला खोटे बोलावे लागते का? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले नाकारावे लागते का? तसे असेल तर त्या कायद्यात काहीतरी मुळातच बिघडले आहे, मग त्याच्या प्रस्तावनेत कितीही उदात्त शब्द असोत.

अमेरिकेतल्या दारूबंदीचे उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ते बहुधा टोळ्या आणि बंदुकांच्या अंगाने सांगितले जाते. मला त्यातले औषधांचे दुकान अधिक महत्त्वाचे वाटते. १७ जानेवारी १९२० पासून मद्य तयार करणे, विकणे आणि वाहून नेणे यांवर बंदी आली. पिणे हा मात्र गुन्हा नव्हता, ही त्यातली पहिली गंमत. औषध म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळत असे, धार्मिक विधींसाठी वाइन मिळत असे. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांना आदल्या वर्षापर्यंत काही दुखणे नव्हते त्यांना दुखणी जडली, आणि त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहून देणारे डॉक्टर एरवी नेकीने व्यवसाय करणारे गृहस्थ होते. द्राक्षांचा घट्ट अर्क बाजारात आला. तो पाण्यात मिसळून ठेवून दिल्यास त्याची वाइन होईल, म्हणून तसे करू नये, असा इशारा त्यावर असे. गिऱ्हाईक तो इशारा पाककृतीसारखा वाचत असे. डॉक्टर, औषधविक्रेता, दुकानदार, गिऱ्हाईक अशी सगळी साखळी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावत होती. दारूने मोडलेले संसार ज्यांनी जवळून पाहिले होते अशा स्त्रियांनी अनेक दशके खपून ही बंदी आणली होती, हेतूत खोट काढायला जागा नव्हती. तरी ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठवावी लागली, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतली संपूर्ण रद्द झालेली ती आजवरची एकमेव दुरुस्ती आहे.

यावर कोणी म्हणेल की, माणसाच्या सवयीला हात घालणारा कायदा टिकतच नाही. तसे म्हणता येत नाही. २९ मार्च २००४ पासून आयर्लंडने कामाच्या सर्व बंदिस्त जागांत धूम्रपानाला मनाई केली. पब त्यात आले. देशव्यापी अशी बंदी घालणारा तो पहिला देश, आणि सिगारेटशिवाय पब ही कल्पनाच तिथल्या लोकांना हास्यास्पद वाटत होती. कायदा कागदावर राहील असे भाकीत करणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी मुकाट्याने पाळला गेला. दारूबंदी आणि ही बंदी यांत फरक कशाचा होता? आयर्लंडच्या कायद्याने सिगारेट ओढू नका असे म्हटलेच नव्हते. बाहेर जाऊन ओढा, एवढेच म्हटले होते. ज्याला तलफ आली तो उठून दाराबाहेर गेला, थंडीत कुडकुडला, परत आला. त्याला आजाराची चिठ्ठी आणावी लागली नाही, कुठे लपावे लागले नाही. शिवाय आत वाढपी म्हणून दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांसाठी हा नियम आहे, हे त्याला समोर दिसत होते. कायद्याने त्याला पाळण्यासाठी एक दार ठेवले होते, या प्रकरणात अगदी शब्दशः.

असे दार ठेवणे हे कायदा करणाऱ्याचे खरे कसब आहे आणि ते फुकट होत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस बसून राहिले आणि त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४००० माणसे दगावली. घराघरातली शेकोटी हे त्याचे एक मोठे कारण होते. उद्यापासून धूर करणाऱ्याला दंड, असा एका ओळीचा हुकूम काढणे सोपे होते. तसे झाले असते, तर ज्याच्या घरात दुसरी सोयच नाही त्या म्हाताऱ्याने रात्री दार लावून गुपचूप कोळसा जाळला असता आणि निरीक्षकाला, आमच्याकडे शेकोटी पेटतच नाही, असे सांगितले असते. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने धूरमुक्त क्षेत्रे ठरवली, पण त्याबरोबर घरातली शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून देण्याची तरतूदही केली. बदल व्हायला वर्षे लागली. पण पाळणे शक्य करून मगच पाळायला सांगितले, हा क्रम बरोबर होता.

आपल्या सगळ्यांच्या रोजच्या खोट्याचाही उल्लेख केला पाहिजे. कोणतीही सेवा सुरू करताना पडद्यावर एक छोटा चौकोन येतो, ‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’, आणि आपण त्यावर टिचकी मारतो. वाचलेले काहीच नसते. आपण वाचलेले नाही हे समोरच्या कंपनीलाही माहीत असते, आणि वाद न्यायालयात गेलाच तर तिथल्या न्यायाधीशांनीही असे शेकडो चौकोन न वाचता भरलेले असतात. संमतीशिवाय कोणाला बांधता येऊ नये, हे तत्त्व उत्तम आहे. संकेतस्थळांवर पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या कुकीजच्या परवानग्याही युरोपातल्या अशाच सद्धेतूच्या नियमांतून आल्या. पण ज्याला वाचायला अर्धा तास लागेल ते दोन सेकंदांत मान्य करण्याची वेळ दिवसातून दहा वेळा आणली, की संमती हा शब्दच पोकळ होतो. हे खोटे निरुपद्रवी आहे असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. सही म्हणजे केवळ एक सोपस्कार, ही सवय एकदा बोटांना लागली की ती त्या चौकोनापुरती राहत नाही.

जो कायदा कोणीच पाळू शकत नाही, त्याचा फायदा एकाच माणसाला होतो : ज्याच्या हातात तो लावायचा की नाही हे ठरवण्याची मुभा आहे त्याला. सगळेच गुन्हेगार असतील, तर कोणाला पकडायचे हा निव्वळ मर्जीचा प्रश्न उरतो. संदिग्ध शब्दांचे कायदे हेच काम अधिक सफाईने करतात. रोमचा बादशहा कालिगुला याच्याबद्दल इतिहासकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे की, त्याने नवे कर बसवले पण जाहीर केले नाहीत. लोकांनी फारच ओरड केली तेव्हा कायदा लावला तो अतिशय बारीक अक्षरांत आणि इतक्या अडचणीच्या जागी की, कोणाला नक्कल करून घेता येऊ नये. कालिगुलाला निदान अक्षरे बारीक करण्याचे कष्ट घ्यावे लागले. आजचा मसुदाकार ‘त्रासदायक’ किंवा ‘आक्षेपार्ह’ असा एखादा ढगळ शब्द मोठ्या टाइपात छापतो आणि काम भागते. कोणते बोलणे त्रासदायक हे बोलणाऱ्याला आधी कळण्याची सोय नसते, ते अटक झाल्यावरच कळते.

माझ्या कसोटीवर घेता येईल असा एक आक्षेप मला स्वतःलाच सतावतो. काही कायदे स्पष्ट असतात, पाळायला सोपे असतात, खोटे बोलण्याची गरज पडत नाही, आणि तरीही ते भयानक असतात. १८५० चा अमेरिकेतला पळून गेलेल्या गुलामांचा कायदा असाच होता. पळून आलेल्या माणसाला आसरा दिला तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ज्याला पकडले त्याला स्वतःची साक्ष देण्याची मुभा नव्हती. आणि ज्या आयुक्तापुढे प्रकरण चाले त्याला, त्या माणसाला गुलामगिरीत परत पाठवले तर १० डॉलर शुल्क, सोडून दिले तर ५ डॉलर. कागदपत्रे जास्त लागतात म्हणून फी दुप्पट, असे त्याचे समर्थन केले जाई. या कायद्यात काहीही संदिग्ध नव्हते. पण बारकाईने पाहिले तर इथेही तेच आढळते. मळ्यातून पळून, थंडीत पायी चालत आलेला माणूस दाराशी उभा असताना, हा माणूस नसून हरवलेली मालमत्ता आहे, असे स्वतःला पटवल्याशिवाय तो कायदा पाळताच येत नव्हता. ज्युरीतले लोक दुसऱ्याला वाचवण्यासाठी न्यायालयाशी खोटे बोलले, इथे कायदा पाळणाऱ्याला स्वतःशी खोटे बोलावे लागत होते. दुसरे खोटे पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट, आणि ते कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही.

कायदे करण्याच्या चर्चेत कायदे काढून टाकण्याचा विषय फार क्वचित येतो. इंटरनेटवरून ‘आक्षेपार्ह’ किंवा ‘त्रासदायक’ संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे, भारतातल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संदिग्धतेसह इतर कारणांनी घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये, हे थांबवा, असा आदेश न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. म्हणजे मेलेले कलमही सात वर्षे माणसे धरत होते. म्हणून मला वाटते की, प्रत्येक दंडनीय कायद्याला जन्मतःच एक मुदत असावी, समजा दहा वर्षे, आणि मुदत संपताना त्याच्या समर्थकांनी हेतू पुन्हा वाचून दाखवू नये. किती जणांना तो लागला, कोणाला लागला, कोणाला कधीच लागला नाही आणि तो चुकवण्यासाठी लोक कोणकोणती खोटी कागदपत्रे तयार करतात, एवढे सभागृहासमोर ठेवावे. यात विधिमंडळांचा वेळ जाईल हे खरे आहे, आणि काही चांगले कायदेही गोंधळात मुदतबाह्य होतील हा धोका आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या यादीतला शेवटचा रकाना, खोट्या कागदपत्रांचा, निदान एकदा तरी कुणीतरी प्रामाणिकपणे भरलेला मला पाहायचा आहे.