‘धर्माचा दाखला’ नावाचा कागदच नाही, तर जोडणार काय?

वाडीचा ग्रुप, गणपती मंडळाचा ग्रुप, मग मुंबईतल्या चाकरमान्यांचा ग्रुप, असा फिरत फिरत एक मेसेज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या निम्म्या फोनांत येऊन बसलाय. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांना ‘सावधान’ करणारा. त्यात पाच मुद्दे आहेत. एक, आता प्रत्येक अर्जाला धर्माचा दाखला सक्तीचा. दोन, मिशनच्या शाळेत बाप्तिस्म्याचा कागद आणि उर्दू शाळेत मुस्लिम जमातीचं (गावच्या मशिदीच्या मंडळींचं) पत्र असल्याशिवाय शिपाईसुद्धा घेत नाहीत. तीन, सरकारी अर्जात धर्म विचारतात तो गुण कापायला. चार, आखातात आता हिंदूंना व्हिसा नाही, म्हणून फॉर्मात ‘मुस्लिम’ लिहा, कागद एजंट करून देतो. पाच, देवस्थानात आणि लष्करात धर्म बघूनच घेतात. खाली एक मोबाइल नंबर आणि ‘दाखला घरपोच, १५०० रुपये’.

शेजारची डी.एड. झालेली, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास मुलगी हे वाचून मिशनच्या शाळेचा अर्ज बाजूला ठेवून बसली, म्हणून लिहितोय. एरवी असल्या गजालींना उत्तर देत कोण बसतो!

धर्म विचारणं वेगळं आणि धर्माची अट असणं वेगळं. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच टोपात शिजवलंय. आणि चौथा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात माणूस आयुष्यातून उठेल.

सौदी, अमिराती, कुवेत यांच्या व्हिसाच्या फॉर्मात धर्माचा रकाना असतो, हे खरं आहे. तो काल-परवा आलेला नाही. त्यात ‘हिंदू’ लिहून कोकणातली माणसं वर्षानुवर्षं तिकडे कामाला जाताहेत. अबुधाबीत १४ फेब्रुवारी २०२४ ला एवढं मोठं दगडी मंदिर उघडलं, ते काय वाळूला दर्शन द्यायला? धर्माची खरी अट येते ती मक्का शहरात आणि मदिनेच्या हरम परिसरात. तिथे बिगरमुस्लिमांना पाऊलच टाकता येत नाही, त्यामुळे तिथल्या हॉटेलातला वेटर, बसचा ड्रायव्हर, लिफ्टचा मेकॅनिक मुस्लिमच लागतो. जाहिरातीत ‘फक्त मुस्लिम’ दिसलं तर कामाची जागा विचारा. उत्तर मक्का आलं, किंवा काम जेद्दाचं असून गाडी मक्केच्या फेऱ्या मारणार असेल, तर अट खरी. उत्तर रियाध किंवा दम्माम आलं तर ती मालकाची स्वतःची आवड, व्हिसाचा नियम नव्हे.

आता ‘मुस्लिम लिहा’ या सल्ल्याचं पुढे काय होतं ते बघा. भारतीय पासपोर्टवर धर्म छापलेला नसतो, म्हणून एजंटला वाटतं, लिहिलं काय आणि न लिहिलं काय. पण सौदीत पोचल्यावर इकामा, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचं कार्ड, निघतो आणि त्यावर धर्म छापून येतो. नाव संतोष, वडलांचं नाव गणपत आणि धर्म मुस्लिम, असं कार्ड समोर आलं की पहिला प्रश्न इस्लाम स्वीकारल्याच्या प्रमाणपत्राचा. एजंटने ‘करून दिलेला’ तो कागद बनावट दस्त ठरतो, आणि सापडतो तुमच्या खिशात. एजंट तोवर इथे दुसऱ्याचा फॉर्म भरत असतो. बरं, तेव्हा ‘नाही हो, मी हिंदूच’ म्हणून सुटता येईल असंही नाही. इस्लाम सोडणं हा सौदीत गुन्हा आहे, त्यामुळे एकदा झालेली नोंद उलटी फिरवणं म्हणजे आपल्याकडे तलाठ्याकडून सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घेण्याइतकं सोपं नाही. (तेही सोपं नाहीच म्हणा.)

आणि माणूस तिकडेच वारला तर? २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातला एक हिंदू कामगार सौदीतल्या जिझान भागात वारला. मृत्यूच्या कागदाच्या भाषांतरात धर्मापुढे चुकून ‘मुस्लिम’ पडलं. झालं, मृतदेह तिथेच दफन केला गेला. घरच्यांना कळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता. बायकोला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि पुरलेला देह उकरून भारतात आणेपर्यंत आणखी काही महिने गेले. ही गत एका भाषांतरकाराच्या एका शब्दाने झाली, आणि त्या माणसाने तर फॉर्ममध्ये काहीच खोटं लिहिलं नव्हतं. आपला मेसेजवाला मात्र तोच शब्द स्वतःच्या हाताने लिहायला सांगतोय.

एजंटबद्दल एवढंच. १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशी कामाला जाण्याच्या) कायद्याखाली नोंदणी नसलेल्याला परदेशी भरती करताच येत नाही. नोंदणी असलेलाही कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. लायसन्स चालू आहे की रद्द झालंय ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत दिसतं. दहावी पास नसाल तर पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो. मग ठरलेल्या देशांत कामाला जायला सरकारचा क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, लागतो. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलू’ म्हणणारा एजंट नेमका हा क्लिअरन्स टाळत असतो. त्याच्यापासून सावध राहा, धर्माच्या रकान्यापासून नको.

दुसरा मुद्दा, मिशनच्या आणि उर्दू शाळांचा. इथे थोडं कबूल करावं लागेल, नाइलाजाने. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, त्यात माणसं निवडण्याचा काही हक्क येतो. पण किती, ते महाराष्ट्रात लिहून ठेवलेलं आहे. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा, ज्याला शाळांत सगळे एमईपीएस म्हणतात, त्याचं कलम ३(२) काढून वाचा. अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने नावं कळवलेले आणखी जास्तीत जास्त तीन कर्मचारी, एवढ्यांच्याच भरतीला हा कायदा लागू नाही. म्हणजे एक अधिक तीन. बाकी स्टाफरूम कायद्याच्या आत. त्या चौघांनासुद्धा ‘धर्म अमुकच हवा’ असं ते कलम म्हणत नाही. निवड व्यवस्थापनावर सोडतं, इतकंच. चर्चच्या शाळेला मुख्याध्यापिका म्हणून सिस्टरच हवी असेल किंवा धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिकच हवा असेल तर त्यात आश्चर्य काय?

अनुदानित जागेवर गणिताची शिक्षिका नेमली की तिची फाइल जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे वैयक्तिक मान्यतेला जाते. फाइल परत येते ती जाहिरात, मंजूर पद, पात्रता, टीईटी, यांतलं काहीतरी कमी पडलं म्हणून. मान्यता नाही तर शालार्थ (सरकारी पगार प्रणालीचा) आयडी नाही, आयडी नाही तर पगार नाही. या सगळ्या गठ्ठ्यात बाप्तिस्म्याचा कागद कुठेच येत नाही. टीईटी मात्र नीट जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला ती शिक्षकांना सक्तीची ठरवली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. त्यामुळे ‘मिशनच्या शाळेत टीईटी लागत नाही’ असं कोणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर राहू नका.

विनाअनुदानित इंग्लिश मीडियमचं वेगळं. पगार संस्था देते, निवड संस्था करते, आणि तिथे आपल्याच माणसाला झुकतं माप मिळतं. नाही म्हणणार नाही. पण ते फक्त चर्चच्याच शाळेत होतं असं म्हणणाऱ्याने कोकणातल्या चार संस्थांच्या स्टाफची यादी आडनावांसकट वाचून दाखवावी.

उर्दू शाळेचं तर भलतंच. तिथे अट माध्यमाची असते: शिक्षण उर्दूतून, अध्यापन पदविका उर्दूतून, टीईटी उर्दू माध्यमाची. रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्याच कितीतरी उर्दू शाळा आहेत. त्या सरकारी नोकऱ्या, आणि तिथे संविधानाचं कलम १६(२) थेट लागू: केवळ धर्मावरून कोणी अपात्र नाही. उर्दू येणारा हिंदू उमेदवार कमी दिसतो तो उर्दूतून शिकलेला हिंदू कमी म्हणून. जमातीच्या पत्राचा तिथे काय संबंध?

तिसरा, गुण कापायचा. लेखी परीक्षेचे गुण बैठक क्रमांकावर पडतात. आणि रकाना रिकामा ठेवून लपणार काय? आपल्याकडे आडनावावरून आधी गाव विचारतात. शिवाय नाईक हिंदूंत आहेत, मुसलमानांत आहेत, ख्रिश्चनांतही आहेत, त्यामुळे आडनावावरून धर्म ओळखणाऱ्याची फजिती व्हायची ती होतेच. सरकारी अर्जात धर्म विचारतात त्यामागे पैशाची आणि आरक्षणाची साधी कारणं आहेत. रेल्वे भरती मंडळाच्या अर्जात अल्पसंख्याक उमेदवाराला फी २५० रुपये असते आणि पहिली परीक्षा दिली की बँकेचे आकार वजा होऊन परत मिळते. इतरांना ५०० भरून ४०० परत. ही सूट घेणाऱ्याला कागदपत्रं तपासणीच्या वेळी स्टॅम्प पेपरवर स्वघोषणापत्र द्यावं लागतं. अख्ख्या मेसेजमध्ये खऱ्याच्या जवळ जाणारा धर्माचा कागद हा एवढाच. तोही दाखला नाही, आपणच लिहून द्यायचं शपथपत्र आहे, नमुना जाहिरातीच्या परिशिष्टात असतो.  अर्जात एकदा अल्पसंख्याक अशी खूण केलीत तर शपथपत्र द्या. तिथे स्टॅम्पच्या खर्चासाठी मागे हटून निवड अडकवू नका.

दुसरं कारण आरक्षण. अनुसूचित जातीचा लाभ १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. म्हणून या एका प्रवर्गात धर्म खरोखर पात्रतेचा भाग आहे. अनुसूचित जमातीला असं बंधन नाही. इथे खोटेपणा केला की अंगाशी येतो. पुदुच्चेरीत अप्पर डिव्हिजन क्लार्कच्या जागेसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागणाऱ्या, बाप्तिस्मा झालेल्या आणि चर्चला नियमित जाणाऱ्या उमेदवाराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ ला फेटाळला: निव्वळ आरक्षणापुरतं हिंदू म्हणवणं ही संविधानाशी फसवणूक आहे म्हणून. महाराष्ट्रात जातीचा खोटा दाखला काढला तर सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते, आणि मिळालेली नोकरी जाते ती वेगळीच.

पहिला मुद्दा इतका पोकळ आहे की उरकून टाकतो. सेतूत उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन क्रीमी लेयरचा दाखला मिळतो. धर्माचा असा दाखला तहसीलदार देत नाहीत, प्रांतही देत नाहीत. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, कशावरच धर्म नसतो. तो सापडतो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आणि बदलला असेल तर राजपत्राच्या जाहिरातीत. त्या राजपत्रावरूनच मुंबई उच्च न्यायालयात खटला झाला होता: ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद छापायला सरकारी मुद्रणालयाने नकार दिला. २३ सप्टेंबर २०१४ ला निकाल लागला की मला धर्म नाही असं म्हणायचा प्रत्येकाला हक्क आहे आणि कोणतंही सरकारी प्राधिकरण धर्म उघड करायची सक्ती करू शकत नाही. आता याच राज्यात ‘धर्माचा दाखला सक्तीचा’!

खाजगी कंपन्यांचं मात्र दुखणं खरं आहे. कलम १६ सरकारी नोकरीपुरतं; खाजगी मालकाने धर्मावरून नाकारलं तर सरळ बोट ठेवावं असा कायदा नाही. तरी २०१५ मध्ये मुंबईतल्या एका हिरे निर्यातदार कंपनीने ‘आम्ही फक्त बिगरमुस्लिम घेतो’ असं उमेदवाराला ई-मेलवर लिहून कळवलं, तेव्हा भारतीय दंड संहितेच्या १५३ ब खाली गुन्हा नोंदला गेला. आता न्याय संहितेत ते कलम १९७ आहे. नकार लेखी आला असेल तर जपून ठेवा.

पाचवा मुद्दा अर्धा बरोबर आणि त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. धार्मिक संस्थेच्या पदाला त्या धर्माचा माणूस असावा असा कायदा करायला कलम १६(५) मुभा देतं. गावच्या देवळात गुरव आणि घाडी असतात त्यांचा तर मान असतो. त्याला अर्ज कसला करता? लष्करात धर्माची उघड अट दिसते ती धर्मगुरूच्या पदाला. पंडिताला संस्कृतची आचार्य पदवी किंवा शास्त्रीबरोबर कर्मकांडाची पदविका, शिखांच्या ग्रंथीला ज्ञानी, मौलवीला आलिम, पाद्रीला चर्चची दीक्षा. पंडिताच्या जागेवर मौलवी का घेत नाहीत, असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

राहिला तो १५०० रुपयांचा नंबर. पैसे पाठवले असतील तर वाट बघत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे गोठवले जायची शक्यता जास्त. आणि त्या नंबरला आधारचा किंवा शाळेच्या दाखल्याचा फोटो पाठवला असेल तर तक्रारीत तेही लिहा.