“मॅडम, एक छान मेल ड्राफ्ट करून द्या ना”

आज दुपारी ऑफिसमधला एक नवा मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. त्याच्या टीममधल्या एका मुलीचं काम तीन महिन्यांपासून घसरलंय, तिला ते सांगायचंय. तर म्हणे, “मॅडम, एक छान मेल ड्राफ्ट करून द्या ना. जरा पोलाइट. एचआरला सीसी ठेवतो.”

ती त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसते. चार!

डोकंच फिरलं माझं. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका सीईओने एका झूम कॉलवर ९०० जणांना घरी पाठवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. त्याने निदान तोंड तरी दाखवलं होतं.

त्याला म्हटलं, मेल मिळणार नाही. बिचारा गेला. मग माझंच मला आठवलं, आणि तेव्हापासून कामात लक्ष नाही.

माझ्या पहिल्या टीममध्ये एक गृहस्थ होते, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. रिपोर्टमध्ये चुका व्हायला लागल्या होत्या. वयाने मोठ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून मी रात्री बसून त्या दुरुस्त करायचे आणि स्वतःला मोठ्या मनाची समजायचे. शेवटी अप्रेझलला रेटिंग कमी द्यावं लागलं, तेव्हा तोंड उघडलं. ते डायरी उघडून, पेन काढून बसले होते. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

मार्चपासून. आणि तो नोव्हेंबर होता.

“म्हणजे आठ महिने रोज गुड मॉर्निंग म्हणत होतात,” असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. डायरीत एक अक्षर लिहिलं नाही.

आपण ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणतो ना, ते साफ खोटं असतं. आपल्याला अवघडायला होईल, ही खरी भीती. मग ‘अॅटिट्यूड बदल’, ‘ओनरशिप घे’ असली गुळगुळीत वाक्यं फेकायची. अॅटिट्यूड म्हणजे त्या माणसाने उद्या सकाळी येऊन नेमकं काय करायचं? त्यापेक्षा ‘या महिन्यात तीन रिपोर्ट उशिरा आले, त्यातल्या एकातली चूक क्लायंटने आपल्याआधी पकडली, काय झालं?’ हे विचारा ना. आणि विचारलंत की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. समोरचा दहा सेकंद बोलला नाही की आपणच घाबरून ‘नाही तसं फार काही नाही’ म्हणत सगळं परत गिळतो. आणि ते आधी कौतुक, मध्ये टोचणी, शेवटी परत कौतुक! दुसऱ्यांदा कौतुक सुरू झालं की माणूस टोचणीचीच वाट बघत बसतो.

हो, लेखी लागतं, मान्य. पीआयपी, म्हणजे काम सुधारायला ठरावीक मुदत देणारा लेखी आराखडा असेल, नोटीस असेल तर कागद हवाच. पण आधी बोलणं, मग कागद. काही जण भांडतात, रडतात, हेही खरं. रडू देत. दार लावून घ्या, पाणी द्या, थांबा. घड्याळ बघू नका.

त्या गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात, राजीनामा देताना सांगितलं की त्यांना नवीन सॉफ्टवेअर जमत नव्हतं. विचारायची लाज वाटत होती. मी आठ महिने रात्री जागून जे दुरुस्त करत होते, ते शिकवायला दोन दुपारी पुरल्या असत्या.

असो. जरा जास्तच बोलले मी त्या पोराला, तेही उभ्याउभ्या, चार लोकांसमोर. म्हणजे बघा!

तो इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहे. वाचत असशील तर सॉरी. मघाशी ऐकलं, उद्या साडेदहाला छोटी मीटिंग रूम घेतली आहेस. कशासाठी ते तिला आजच सांग, रात्रभर तर्क करत बसेल. आणि लॅपटॉप आत नेऊ नकोस.